आज्जीचं गोंदण

रविवार, रात्रीचे साडेअकरा

हात ठणकतोय, वरून ते मलम चिकट चिकट, झोप येईना म्हणून लिहीत बसलेय. शेवटी काढलंच. आज्जीच्या हातावरचं तुळशीवृंदावन आता माझ्या हातावर. तिचं हिरवट दिसतं, माझं काळंकुळकुळीत. टॅटूवाला म्हणे, रंग काळाच असतो, कातडीच्या आत मुरला की वरून निळा-हिरवा दिसतो, थांबा चाळीस वर्षं.

त्याच्या कॅटलॉगमधे राजमुद्रा, त्रिशूळ, अगदी माओरी नक्ष्यासुद्धा (त्यांच्याकडे त्यात घराण्याची वंशावळ असते, आपल्याकडे जिमवाले दंडावर मिरवतात), पण वृंदावन काही नाही. मग मोबाईलमधला आज्जीच्या हाताचा फोटो दिला, त्यावरून त्याने स्टेन्सिल काढलं. सुई माझ्यासमोर नवी फोडली ते बरं केलं, आणि आता १२ महिने रक्तदान बंद म्हणाला, म्हणजे ऑफिसचा कॅम्प हुकला.

आज्जीचं गोंदलं ते म्हसवडच्या जत्रेत, ती सात वर्षांची असताना. दोन आत्यांनी दाबून धरली आणि गोंदणारीण दोऱ्याने बांधलेल्या तीन सुया काजळीत बुडवून टोच टोच टोचत सुटली, ही बोंबलतेय आणि ती बाई आपली गाणं म्हणतेय, वर हळद चोपडली की झालं. कुणी विचारलं नाही तिला की बाई तुला कुठली डिझाईन हवी. ७२ च्या दुष्काळात बोरमाळ मोडली ती पुन्हा काही झाली नाही. "सोनं गेलं, ह्ये कोण नेतंय," असं ती अजून हात पुढे करून म्हणते.

आईच्या हनुवटीवर एकच ठिपका आहे. नोकरीला लागल्यावर तिला कुणीतरी गावंढळ म्हणालं होतं, तेव्हापासून रोज सकाळी त्यावर पावडर. आज माझा हात बघून पाच मिनिटं बोललीच नाही, मग म्हणाली, "मी जन्मभर लपवत आले आणि तू साडेतीन हजार मोजून काढून आलीस." काय बोलणार? खरं तर मला कुणी गावंढळ म्हणणार नाही, जीन्स घालून इंग्लिश बोलतेय म्हटल्यावर हेच गोंदण 'किती क्यूट' होतं, हे मलाही कळतं, आणि तरी मला ते हवंच होतं.

संध्याकाळी आज्जीला व्हिडिओ कॉल केला, चुलतभावाने फोन धरला. आधी पोट धरून हसली, "पैशे देऊन टोचून घेतलंस व्हय गं?" मग म्हणाली, जवळ आण. बराच वेळ बघत राहिली, ओठ हलत होते, मोजत होती.

"येक ठिपका कमी हाय."

मी म्हटलं, अगं फोटोवरूनच काढलंय, जसंच्या तसं. तर तिने मनगटाची कातडी दोन बोटांनी ताणून कॅमेऱ्यासमोर धरली. होता की. सुरकुतीत दडून बसला होता.