आमची वाटचाल : आधी पाणी, मग थापी

आमची फर्म छोटी, काम एकच : भिंतींचा गिलावा. सुरुवातीला नव्या मुलाच्या हातात आम्ही पहिल्याच दिवशी थापी द्यायचो. हात बसला की भिंत गुळगुळीत होणारच, असा समज होता. पण फोडून पुन्हा कराव्या लागलेल्या भिंती नीट तपासत गेलो, तसं दिसलं की चूक बहुतेक वेळा हाताची नसते, पाण्याची असते. भिंतीत मुरलेलं पाणी, मालातलं, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं पाणी आणि पृष्ठभागावर उरलेलं पाणी. मग आम्ही शिकवण्याचा क्रमच बदलला.

आता नवा मुलगा पहिले काही दिवस चाळणी आणि बादली सांभाळतो. वाळूत माती किती आहे हे पाहायला काचेच्या बाटलीत वाळू, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवायचं आणि दोन-तीन तास न हलवता ठेवायचं. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जाड दिसला तर वाळू धुवायची. मातकट वाळूचा माल हाताला छान लोण्यासारखा लागतो आणि नवशिका तिथेच फसतो. वाळल्यावर त्याच भिंतीवर जाळीसारख्या बारीक भेगा उठतात.

मग भिंत भिजवणं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, माल अकाली आवळतो आणि पाटा (माल सपाट करायची लांब सरळ पट्टी) फिरवताना ओरखडे पडतात. उलट भिंत पाण्याने चकाकत असेल तर माल घसरतो. ओल दिसावी, चकाकी दिसू नये, एवढीच खूण पुरते. काँक्रीटवर टाचे (माल धरून राहावा म्हणून केलेले घाव) मारलेले हवेत, आणि वीट व काँक्रीट जिथे भिडतात तिथे जाळी ठोकायची, नाहीतर त्या सांध्यावर सरळ उभी-आडवी भेग हमखास.

आतल्या विटांच्या भिंतीला आम्ही १:६ माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि १२ मिमी जाडी धरतो; छताला १:४ आणि ६ मिमी. ५० किलोच्या गोणीत साधारण ३५ लिटर सिमेंट भरतं, म्हणून ३५ लिटरचं खोकं करून वाळू त्यानेच मोजायची. फावड्याने मोजलेली वाळू प्रत्येक वेळी वेगळी भरते. सिमेंट आणि वाळू आधी कोरडीच, एकसारखा रंग येईपर्यंत मिसळायची. पाणी टाकल्यावर तासाभरात संपेल एवढाच माल करायचा. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो चालवू नये, त्याची ताकद गेलेली असते.

ओळंब्याने तपासून भिंतीवर मालाचे ठिपके द्यायचे, एकमेकांपासून दीड मीटरवर, म्हणजे दोन मीटरचा पाटा दोन्हींवर टेकतो. वरचा-खालचा ठिपका जोडून उभ्या पट्ट्या करायच्या. मधला माल थापीने जोरात मारायचा. नुसता चोपडला तर मागे हवा राहते आणि पुढे ती जागा बद्द वाजते. पाटा खालून वर, डावी-उजवीकडे हलवत न्यायचा. कुठे १५ मिमीहून जास्त भर लागत असेल तर दोन थर द्यायचे आणि पहिल्यावर रेघा ओढून ठेवायच्या.

यानंतर थांबायचं, आणि शिकणाऱ्याला हेच सगळ्यात जड जातं. घड्याळ इथे उपयोगाचं नाही, कारण ऊन, वारा आणि वीट यांच्याप्रमाणे वेळ बदलते. बोट दाबून पाहायचं. बोटाला माल चिकटला तर अजून घाई आहे; आत्ता लाकडी रंधा (भिंत घोटायची मुठीची सपाट फळी) फिरवला तर लाटा येतील. खळगा हलकासा पडला आणि बोट कोरडं राहिलं तर लगेच रंधा घ्यायचा, गोल फिरवायचा, हात हलका ठेवायचा. बोट अजिबात रुतत नसेल तर उशीर झाला. मग वाळूचे कण सुटतात आणि ते बसवायला शिंपडलेलं पाणी वरचा थर ठिसूळ करतं.

ओली भिंत लवकर आवळावी म्हणून तिच्यावर कोरडं सिमेंट भुरभुरायची सवय आम्ही कटाक्षाने मोडतो. पहिल्या दिवशी भिंत सुंदर दिसते, पण वरची सिमेंटची साय खालच्या थरापेक्षा जास्त आकसते आणि तडकते. स्टीलचा रंधाही अति घोटला की हेच होतं.

सरावासाठी आमच्याकडे एक वेगळी भिंत आहे, तिला चुना-वाळूचा माल लावतो. सिमेंट नसल्याने तो दिवसाअखेर खरवडून, पाणी घालून उद्या पुन्हा वापरता येतो. तीच भिंत वीस वेळा लावता येते आणि मुलाला चुकायची भीती राहत नाही.

खऱ्या भिंतीला दुसऱ्या दिवसापासून किमान ७ दिवस पाणी मारतो. नंतर अंधार करून दिवा भिंतीला समांतर धरतो. समोरून न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. थापीच्या दांड्याने ठोकून बद्द आवाज आला, तर तेवढा तुकडा चौकोनी कापून काढायचा, कडा भिजवायच्या आणि तिथे नवा माल भरायचा.