केन्याशी पंगा

आज सकाळी तण काढायला बसले आणि तासाभरात जेमतेम एक वाफा मोकळा झाला. दोष केना नावाच्या तणाचा. फूल नखाएवढं, पण निळं असं की खुरपं आपोआप थांबतं. दोन ठळक पाकळ्या, तिसरी लहानशी, कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारपर्यंत सगळा खेळ आटोपतो.

खरी गंमत मातीखाली आहे. हलक्या हाताने उकरलं तर पांढुरक्या फांदीवर बंद कळीसारखं काहीतरी दिसलं. तीही फुलंच! केना जमिनीखालीसुद्धा फुलतो. ही फुलं कधी उमलतच नाहीत, मिटल्या मिटल्या स्वतःचं परागीभवन उरकतात आणि तिथेच बी धरतात. वरून कितीही खुरपा, खाली पुढच्या पिढीची सोय झालेली. शिवाय तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पेरातून पुन्हा मुळं फुटतात. शेतकरी याच्या नावाने बोटं मोडतात ते उगीच नाही.

शेजारी आंबुशी होती. तिच्या पिकल्या शेंगेला बोट लावलं की बिया फटाफट उडतात. एक थेट चष्म्यावर आली. (हे मी कामाच्या नावाखाली बराच वेळ केलं.)

एकदांडी मात्र उपटवली नाही. आहे मूळची अमेरिका खंडातली, पण फुलपाखरांना त्याचं काय! लांब दांड्यावरचं ते एक फूल म्हणजे खरं तर चिमुकल्या फुलांचा अख्खा गुच्छ.

उरलेले वाफे उद्या. केना आटोक्यात ठेवायचा उपाय कुणाकडे असेल तर सांगा. तणनाशक सोडून.