टायवरचं नाव

रविवार, रात्र

अख्खी दुपार भाच्याबरोबर फोनवर गेली. विषय त्याचा लाडका, सॉमर्टनचा माणूस. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, अभ्यास सोडून हे सगळं पाठ. अर्थात हे व्यसन त्याला मीच लावलं, त्यामुळे बोलायची सोय नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडजवळ सॉमर्टनच्या किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास हा माणूस मेलेला आढळला. डोकं किनाऱ्याच्या भिंतीला टेकलेलं, बूट चकचकीत, कोटाच्या कॉलरवर अर्धवट ओढलेली सिगारेट. ओळख पटेल असं जवळ काही नाही, कपड्यांची लेबलं काढलेली. पोस्टमॉर्टेम करणाऱ्यांना विषाचा दाट संशय, पण तपासणीत विष सापडलं नाही. कॉरोनरनेही, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेही, कारण ठरवता येत नाही म्हणून हात टेकले. पुढे पँटच्या चोरखिशात गुंडाळी केलेला कागदाचा कपटा मिळाला, त्यावर छापील अक्षरात ‘तमाम शुद’, फारसीत ‘संपलं’. तो फारसी कवी उमर खय्यामच्या रुबायांच्या एका इंग्रजी प्रतीच्या शेवटच्या पानावरून फाडलेला. ती प्रतही मिळाली. तिच्यात मागे अगम्य अक्षरांच्या ओळी उमटलेल्या आणि किनाऱ्याजवळच राहणाऱ्या एका नर्सचा फोन नंबर. नर्स म्हणाली, मी या माणसाला ओळखत नाही. आपल्याकडे खय्याम म्हटलं की त्याच्या रुबाया मराठीत आणणारे माधव जूलियन आठवतात. तिकडे बिचारा थेट हेरखात्यात गेला. शीतयुद्धाची सुरुवात, त्याच राज्यात वूमेराला रॉकेटच्या चाचण्यांचं केंद्र, मग काय, मेलेला माणूस हेरच असणार असं लोकांनी धरलं.

भाच्याचं म्हणणं, “आत्या, एवढे योगायोग एकाच माणसाच्या वाट्याला येतात का गं?”

येतात. पंचवीस वर्षं लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासते आहे मी. ताळा लागेना आणि फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, की अफरातफर शोधण्याआधी बघायचं कुणी ६३ च्या जागी ३६ लिहिलेत का. बहुतेक वेळा तेच असतं. पण हे त्याला सांगून उपयोग नाही, कारण यात मजा नाही.

त्या खिशातल्या सिगारेटचंच घ्या. पाकीट ‘आर्मी क्लब’चं, आत सात सिगारेटी ‘केन्सिटास’च्या. म्हणजे पाकीट स्वस्तातलं, माल महागातला. लोक सहसा उलटं करतात, म्हणून विषारी सिगारेटी कुणीतरी बदलून ठेवल्या असा तर्क. आमचे अण्णा कुठल्याही पाकिटात कुठल्याही सिगारेटी कोंबायचे. पाकीट मऊ पडलं, भिजलं, कुणी चार सिगारेटी देऊ केल्या, कारणं काय कमी असतात? या मंडळींचा प्रश्न एकच, याचा अर्थ काय. असं उगाचच कितीदा घडतं, हे कुणी विचारत नाही.

कानाचं प्रकरण मात्र मलाही पटलं होतं. मेलेल्या माणसाच्या कानाचा वरचा खळगा खालच्यापेक्षा मोठा, असे कान शंभरात एखाद-दुसऱ्याचे. शिवाय पुढचे दोन दात जन्मतःच नाहीत, तेही तितकंच दुर्मीळ. आणि त्या नर्सच्या मुलाच्या फोटोत दोन्ही गोष्टी दिसतात! हा योगायोग असण्याची शक्यता एक ते दोन कोटींत एक, असा हिशेबही मांडला गेला. म्हणजे तो मुलगा याचाच. ॲडलेड विद्यापीठातले डेरेक ॲबट वर्षानुवर्षं या मागावर होते. त्या मुलाच्या मुलीशी त्यांनी पुढे लग्नही केलं (हे असलं कथेत लिहिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं).

१९४९ मध्ये पोलिसांनी मृतदेहाचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा करून घेतला होता, त्यात काही केस अडकून राहिले होते. त्या केसांतल्या डीएनएवरून ॲबट आणि अमेरिकेतल्या वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी जुलै २०२२ मध्ये नाव जाहीर केलं: कार्ल वेब. मेलबर्नचा, जन्म १९०५, उपकरणं बनवणारा विजेचा कारागीर-इंजिनीअर. पोलिसांनी २०२१ मध्ये थडगं उकरून अवशेष बाहेर काढले होते, पण या नावावर त्यांनी लगेच शिक्का मारला नाही. आणि नर्सच्या त्या नातीचा, म्हणजे ॲबटांच्या बायकोचा डीएनए? वेबशी जुळला नाही. दोन कोटींचा हिशेब पाण्यात. शक्यतांचा गुणाकार बिनचूक असेलही, पण आधी संशय घेऊन मग फोटोत कान शोधायचे म्हणजे उत्तर पाहून गणित सोडवण्यातला प्रकार.

मला सगळ्यात आवडते ती टायची गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी धड सांगत नाही. ॲडलेड स्टेशनच्या सामानघरात त्याची सुटकेस मिळाली. तिच्यातही लेबलं काढलेली, पण टायवर ‘टी. कीन’, धुण्याच्या पिशवीवर ‘कीन’, बनियनवर तेच नाव एक अक्षर गाळून. पोलिसांनी कीन नावाचा बेपत्ता माणूस धुंडाळला, मिळाला नाही. मग निष्कर्ष असा निघाला, की याचं नाव कीन नाही हे माहीत असणाऱ्याने मुद्दाम हीच नावं ठेवली असणार. केवढा हुशार तर्क! त्या पेटीतली एकुलती एक खरी वाट याच हुशारीने बंद केली. वेबच्या बहिणीचा नवरा होता थॉमस कीन. कपडे बहुधा मेव्हण्याचे.

फोन ठेवल्यावर मी सहज कपाट उघडलं. राखाडी स्वेटर वन्संचा, आत शाईने त्यांची आद्याक्षरं. दोन कुडत्यांची लेबलं मीच कापलेली, मानेला टोचतात म्हणून. प्रवासी बॅगेला ह्यांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी टॅग. माझं नाव एकाही वस्तूवर नाही. उद्या मी कुठे बाकावर बसल्या बसल्या गेले, तर पाकिस्तानची हेर ठरायला एवढं पुरेसं आहे.

नाव जवळपास कळलं, पण मेला कशाने हे नाहीच कळलं. भाच्याने तेही भरून काढलंय. वेब कविता करायचा, मृत्यूवरच्या, हे बायकोच्या घटस्फोटाच्या कागदांत आहे. १९४७ मध्ये दोघं वेगळी झाली. ती पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियात ब्यूट नावाच्या गावी राहायला गेली. “मग तो तिलाच शोधायला ॲडलेडला आला, आत्या. सरळ आहे.” हेरापेक्षा हे मलाही जास्त आवडलं, खोटं कशाला बोलू. पण ब्यूटचा पत्ता १९५१ च्या कागदांतला. १९४८ च्या नोव्हेंबरात ती तिथे होती का, आणि असली तर त्याला ते ठाऊक होतं का, याचा एकही कागद त्याच्याकडे नाही. विचारलं तर म्हणतो, शोधतोय. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे त्याची.