चांगला दिसणारा आकडा: हॅम रेडिओ शिकतानाचा माझा अनुभव

हॅम रेडिओ, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ संपर्क, शिकायचे ठरवले तेव्हा सगळे शिकणे यंत्राबद्दलचे असेल, अशी माझी समजूत होती. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत एक काका राहतात. व्यापारी जहाजांवर त्यांनी रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी केली आणि १९९९ साली जहाजांवर नवी संकटसंदेश यंत्रणा पूर्णपणे लागू होऊन त्या नोकऱ्याच संपत गेल्यावर ते गावी परतले. मी शिकवा म्हणून गेलो, तर पहिले दोन महिने त्यांनी मला सेटला हात लावू दिला नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे बेकायदेशीर आहे, हे एक कारण होते. दुसरे त्यांनी स्वतःच सांगितले, "अँटेना कळली नाही, तर सेट म्हणजे नुसती पेटी रे."

सुरुवात एका भागाकाराने झाली. तीनशेला मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झला ती सुमारे ४२ मीटर येते, म्हणून त्या पट्ट्याला चाळीस मीटरचा बँड म्हणतात. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची तार मधोमध तोडून तिथे केबल जोडली की डायपोल तयार होतो. प्रत्यक्षात तारेच्या टोकांच्या परिणामामुळे ती थोडी आखूड लागते, म्हणून तीनशेच्या निम्म्या १५० ऐवजी १४३ ला वारंवारतेने भागतात. माझ्या वहीत उत्तर आले २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरच्या किंचित वर.

हाच बँड का, हे मला आधी उमगत नव्हते. आमच्या बंदरातल्या होड्यांवर व्हीएचएफ, म्हणजे खूप जास्त वारंवारतेचे, संच असतात आणि त्यांची अँटेना हातभर लांबीची असते, मग वीस मीटर तारेचा खटाटोप कशाला, असे मी विचारले. काकांनी उत्तर देण्याऐवजी मला सड्यावर, गावावरच्या उंच कातळी पठारावर, नेले. व्हीएचएफ लहरी जवळजवळ दृष्टीच्या रेषेत जातात. दोन्ही अँटेनांच्या उंचीची, मीटरमधली, वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सड्यावर शंभर मीटर उंचीवर उभे राहिले आणि होडीवरची अँटेना चार मीटर उंच असली, तर समुद्राकडे ४९ किलोमीटरपर्यंत बोलता येते. पण पाठ वळवली की सह्याद्री उभा, आणि मला तर कोल्हापूर-पुण्याशी बोलायचे होते. चाळीस मीटरच्या लहरी मात्र आकाशात चढून आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येतात. तार जमिनीपासून आठेक मीटरवरच असली की बरीचशी शक्ती सरळ वर जाते आणि घाटापलीकडे शे-दोनशे किलोमीटरवर उतरते. जी कमी उंची मला उणीव वाटत होती, तीच इथे उपयोगाची ठरली.

तार बांधताना मधला भाग घराच्या आढ्याला लावलेल्या बांबूवर घेतला आणि दोन्ही टोके खळ्याच्या दोन बाजूंच्या माडांकडे उतरवली. पहिल्याच आठवड्यात तार तुटली, कारण माड वाऱ्यात किती झुलतो, याचा मी हिशेबच केला नव्हता. मग जाळ्याची नायलॉन दोरी कप्पीवरून घेऊन तिच्या टोकाला दगड टांगला. माड झुलला की दगड वरखाली होतो आणि ताण सारखा राहतो. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपाचे तुकडे चालले. काकांच्या अँटेना तपासायच्या अ‍ॅनलायझरने मोजले, तर तार ६.९ मेगाहर्ट्‌झला जुळत होती. उताराने बांधलेली, प्लास्टिकचे आवरण असलेली तार गणितापेक्षा लांब वागते. ६.९ ला ७.१ ने भागून लांबीला गुणले आणि दोन्ही बाजूंनी अठ्ठावीस-अठ्ठावीस सेंटिमीटर कापले. एसडब्ल्यूआर, म्हणजे केबलमधून परत येणाऱ्या लहरीचे माप (एकाच्या जितके जवळ तितके चांगले), बँडच्या मध्यावर १.४ आणि कडांना दोनच्या आत आले. तो आकडा पाहून मला फार आनंद झाला.

रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या, म्हणजे हॅम परवान्याच्या सुरुवातीच्या श्रेणीच्या, परीक्षेला मोर्स लागत नाही. रेडिओचे तत्त्व आणि नियम असे दोन भाग असतात. तार कापताना जे शिकलो होतो, त्यामुळे पहिला भाग सोपा गेला. नियम मात्र पाठच करावे लागले. व्हीयू३ ने सुरू होणारे, रेडिओवर स्वतःची ओळख म्हणून सांगायचे नाव हातात आले तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता.

खरे शिकणे त्यानंतर झाले. मी हाक देत होतो आणि कोणी उत्तर देत नव्हते. ऐकूही फार क्षीण येई. एसडब्ल्यूआर मात्र पूर्वीपेक्षा उत्तम दिसत होता: संपूर्ण बँडभर १.२. म्हणून अँटेनेवर माझा संशयच जात नव्हता आणि मी सेट, माइक, वीजपुरवठा तपासत बसलो. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "केबल वरच्या टोकाला सोड आणि मग मोज." टोकाला काहीच जोडलेले नसेल तर सगळी लहर परत यायला हवी आणि आकडा प्रचंड मोठा दिसायला हवा. माझ्याकडे तो १.७ दिसला. लहर जाताना केबलमध्ये मुरत होती आणि परत येताना पुन्हा मुरत होती. वरपर्यंत शक्तीचा चौथा हिस्सा पोहोचला, तर परत येतो सोळावा हिस्सा, आणि त्याचाच हा १.७ होतो. माझी मोजणी चूक नव्हती. मी ती कशाची आहे, हे विचारले नव्हते.

केबल चिरून पाहिली. तारेची जाळी हिरवी-काळी पडलेली, आत ओल आणि मिठाचा थर. वरच्या जोडावर मी साधी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती, जी खाऱ्या वाऱ्यात दोन महिन्यांत सुटली. नव्या केबलच्या जोडावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली, तोंड खाली वळवले आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या एका स्टेशनने माझे नाव पूर्ण परत सांगितले. काका शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी वहीत वेळ लिहिली.

तेव्हापासून नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या की मी शिडी लावतो, केबलचे वरचे टोक सोडतो आणि खाली येऊन मोजतो. यंदा आकडा मोजपट्टीच्या पलीकडे गेला.