तुम्ही विचारलंत म्हणून: आधारची झेरॉक्स द्यावी की नाही?

एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मोबाईल आणि ऑनलाइन व्यवहारांविषयीच्या शंकांचे निरसन करते. ओटीपी, वीजबिल थकल्याचे खोटे संदेश, अनोळखी व्हिडिओ कॉल हे विषय येतात आणि जातात. एक प्रश्न मात्र हटकून विचारला जातो आणि अलीकडे तो संघाबाहेरची तरुण मंडळीही विचारू लागली आहेत. आधार कार्डाची झेरॉक्स कोणी मागितली तर द्यावी का, आणि दिली तर खात्यातले पैसे जाऊ शकतात का? उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कुणाचेच समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पैशांचे आधी सांगते, कारण भीती त्यांचीच असते. नुसत्या झेरॉक्सवरून तुमच्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. आधार क्रमांक हा पासवर्ड नव्हे. त्या बारा आकड्यांत तुमचे गाव, वय, जात असे काहीही दडलेले नसते. अकरा आकडे यादृच्छिक, म्हणजे कसलाही अर्थ वा क्रम नसलेले, असतात आणि बारावा आकडा आधीचे आकडे बरोबर लिहिले गेले आहेत की नाहीत, हे ताडून पाहण्यासाठी असतो. आधारच्या बळावर पैसे काढण्याची जी सोय खेडोपाडी बँक प्रतिनिधींकडे असते, तिथे आधार क्रमांक आणि बँकेचे नाव यांच्या जोडीला खातेदाराच्या बोटाचा ठसा लागतो, आणि तो ठसा झेरॉक्सवर नसतो.

मग क्रमांक जगजाहीर केला तरी चालेल का? हा प्रयोग एका मोठ्या अधिकाऱ्याने करून पाहिलेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी जुलै २०१८ मध्ये आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकून, माझे काय नुकसान करता येते ते दाखवा, असे जाहीर आव्हान दिले होते. शर्मा हे आधार देणाऱ्या प्राधिकरणाचे (यूआयडीएआय) पहिले महासंचालक, त्यामुळे त्यांचा विश्वास समजण्यासारखा होता. लोकांनी बघता बघता त्यांचा मोबाईल क्रमांक, जन्मतारीख, पत्ता असे बरेच काही शोधून काढले आणि कुणीतरी त्यांच्या खात्यात एक रुपया जमा करून त्याची पावतीही मिरवली. पैसे मात्र कुणाला काढता आले नाहीत. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असे म्हटले आणि माझ्या मते दोघांचेही थोडे थोडे खरे होते. आधार क्रमांकाने तिजोरी उघडत नाही, पण वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली एकाच माणसाची माहिती एका दोऱ्यात ओवायला तो फार सोयीचा पडतो. 'तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला गेला आहे' असे सांगून घाबरवणाऱ्या भामट्याला तुमचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि क्रमांक धडाधड म्हणून दाखवता आला, की निम्मे काम तिथेच होते. ऐकणाऱ्याला वाटते, एवढे ठाऊक आहे म्हणजे हा पोलीसच असला पाहिजे.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की झेरॉक्सने आकाश कोसळत नाही, पण ती देण्याचे बहुतेक वेळा कारणही नसते. कारण ती काहीच सिद्ध करत नाही. फोटो बदललेली आणि नाव बदललेली झेरॉक्स कोणत्याही कोपऱ्यावरच्या दुकानात पाच मिनिटांत तयार होते. आधार कार्डावर जो चौकोनी क्यूआर कोड असतो, त्यात नाव, पत्ता आणि फोटो आधार प्राधिकरणाच्या डिजिटल स्वाक्षरीसह भरलेले असतात; तो प्राधिकरणाच्या ॲपने स्कॅन केला तर कार्ड खरे की खोटे, हे इंटरनेट नसतानाही कळते. पडताळणी म्हणायची तर ती ही. पण लॉजच्या काउंटरवर, क्लासच्या प्रवेशाला किंवा सोसायटीच्या कार्यालयात कुणी हा कोड स्कॅन करताना मला तरी अजून दिसलेले नाही. कागद घ्यायचा, मागे 'खरी प्रत' म्हणून सही करून घ्यायची आणि फाईलला लावायचा, एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. म्हणजे ज्या कागदाने घेणाऱ्याचे काही साधत नाही, तो कागद देणाऱ्याची माहिती तेवढी सांडत राहतो.

आणि ती सांडते कशी, हे पाहायचे असेल तर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. पूर्वी लोक मूळ कार्ड काचेवर ठेवून प्रत काढत आणि कार्ड खिशात घालून जात. आता दुकानाच्या दर्शनी भागात एक व्हॉट्सॲप क्रमांक ठळक अक्षरांत चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक आधार, पॅन, कधी पासबुकाचे पहिले पानही त्या क्रमांकावर पाठवते, मुलगा संगणकावर ते उतरवून घेतो, छापतो, पाच रुपये घेतो. छापून झालेली फाईल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते आणि संभाषणही तसेच राहते. संध्याकाळपर्यंत त्या संगणकाच्या पडद्यावर अख्ख्या पेठेची ओळखपत्रे जमलेली असतात. दुकानदाराचा काही वाईट हेतू असतो, असे मी म्हणत नाही. त्याला पुसायला सवड नसते, इतकेच. आपण मात्र छापून झाल्यावर 'दादा, ती फाईल पुसून टाका' असे म्हणून ती पुसेपर्यंत तिथेच उभे राहावे. व्हॉट्सॲपवरून 'सर्वांसाठी हटवा' केले तरी संगणकावर आधीच उतरवलेली प्रत जात नाही, हे ध्यानात असू द्यावे.

संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून ती फाईल सुरक्षित आहे, असेही पुष्कळांना वाटते. त्या पासवर्डाची रीत सगळ्यांना एकच आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचे वर्ष. ज्याला तुमचे नाव आणि वय ठाऊक आहे, त्याला तो पासवर्ड ठाऊक आहे.

मी स्वतः काय करते, हेही विचारले जाते. ओळख दाखवायची असेल तिथे मी आधी वाहन परवाना पुढे करते. बहुतेक ठिकाणी तो चालतो. 'आधारच पाहिजे' हे वाक्य नियमातून नव्हे तर सवयीतून आलेले असते, आणि शांतपणे 'कोणत्या नियमाने?' असे विचारले की पुष्कळदा ते मागे घेतले जाते. आधारच द्यायचे असेल तर मास्क्ड आधार देते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून आधार उतरवून घेताना तसा पर्याय निवडता येतो आणि मग पहिले आठ आकडे झाकलेले, फक्त शेवटचे चार दिसणारे कार्ड मिळते. क्यूआर कोड त्यावरही असतोच, म्हणजे ज्याला खरोखर पडताळायचे आहे त्याचे काही अडत नाही. आणि कोणतीही झेरॉक्स देताना तिच्या मजकुरावरूनच, कोऱ्या कडेला नव्हे, तिरके लिहिते: कोणाला दिली, कशासाठी, तारीख, सही. कडेला लिहिलेले कापून टाकता येते. अशा लिहिण्याने गैरवापर अशक्य होतो असे नाही, पण तो कागद दुसऱ्या कामाला लावणाऱ्याची अडचण निश्चित होते.

यावर संघातील एका काकांनी मला कोंडीत पकडले होते, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता: सरकारच एकदा झेरॉक्स देऊ नका म्हणाले आणि लगेच फिरले, मग आम्ही कोणाचे ऐकायचे? घडले होते ते असे. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील प्रादेशिक कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कोणत्याही संस्थेला सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार वापरा, असे पत्रक काढले. त्यावर एवढा गदारोळ झाला की दोनच दिवसांत केंद्रीय मंत्रालयाने, त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो असे म्हणून ते मागे घेतले आणि लोकांनी नेहमीचा विवेक वापरावा, असे सांगितले. माझ्या मते पत्रकातील सल्ला बरोबर होता आणि तो मागे घेण्याची घाई चूक होती. नेहमीचा विवेक वापरा, असे ज्याला सांगायचे, त्याला विवेकाने नकार देण्याची सोयही हवी ना. काउंटरपलीकडचा माणूस खोलीची किल्ली हातात धरून उभा असतो.

कायद्याची बाजू तितकी लंगडी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना वैध ठरवली, पण खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारी तरतूद रद्द केली. बँक खाते आणि मोबाईल आधारशी जोडण्याची सक्तीही गेली. पॅनशी जोडणी आणि सरकारी अनुदाने यांसाठी आधार कायम राहिले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांना आधार घेण्याची मुभा पुन्हा मिळाली, पण ग्राहकाच्या इच्छेने आणि पासपोर्टसारखा दुसरा पर्याय ठेवून. तेव्हा बँकेत 'आधारशिवाय खाते उघडत नाही' असे कोणी सांगितले, तर तो खिडकीवरचा कायदा समजावा. प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे ॲप आणले आहे. त्यातून समोरच्याला हवी तेवढीच माहिती दाखवता येते, कागद द्यावा लागत नाही.

आता जिथे खरी काळजी घ्यायला हवी, ती जागा. घरभाड्याचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, आणि त्यासाठी एजंट लॅपटॉप आणि अंगठा घेण्याचे छोटे यंत्र घेऊन घरी येतो. मालक, भाडेकरू, साक्षीदार सगळे सोफ्यावर बसून एकामागून एक अंगठा लावतात, चहा होतो, करार होतो. इथे आधारचा उपयोग खऱ्या अर्थाने होतो, कारण ठसा प्राधिकरणाकडील नोंदीशी ताडला जातो. पण नेमके इथेच 'आला नाही, पुन्हा लावा' हे वाक्य ऐकू येते. ज्येष्ठांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ते बहुतेकदा खरेही असते. तरी प्रत्येक वेळी पडदा आपल्याकडे वळवून, ठसा कशासाठी घेतला जात आहे हे वाचून मगच अंगठा ठेवावा. सिमकार्ड विकणाऱ्या टपरीवर तर हे अधिकच लागू आहे. कागदी झेरॉक्सवर सिम देण्याची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली, हे चांगलेच झाले, पण त्यामुळे सगळा भार आता अंगठ्यावर आणि चेहऱ्यावर आला आहे.

अंगठ्यांच्या चोरीचे प्रकार घडलेले आहेत. काही राज्यांत नोंदणी विभागाच्या संकेतस्थळांवरील खरेदीखतांवरून ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनसारख्या पदार्थात साचे करून, त्यांच्या आधारे बँक प्रतिनिधीच्या यंत्रावरून पैसे काढले गेले. खरेदीखताला आधारची प्रत जोडलेली आणि शेजारीच अंगठ्याचा ठसा: चोराला जे लागते ते एकाच दस्तात. म्हणून झेरॉक्स धोक्याची की बिनधोक, हे ती कोणत्या कागदाच्या सोबतीने फिरते आहे, त्यावर ठरते. झेरॉक्सवर सहीऐवजी अंगठा उमटवायला कोणी सांगितले, तर ते मुळीच करू नये.

राहता राहिला प्रश्न आजवर वाटलेल्या झेरॉक्सांचा. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. तेव्हापासून गॅसच्या एजन्सीपासून जिमपर्यंत आपण किती प्रती दिल्या, याचा हिशेब कुणाकडेच नाही आणि त्या परतही येणार नाहीत. पण दोन गोष्टी घरबसल्या पाहता येतात. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधारच्या पडताळणीचा इतिहास दिसतो, मागील सहा महिन्यांतील पन्नासपर्यंत नोंदी. ज्या दिवशी तुम्ही घराबाहेर पडला नव्हता, त्या दिवशी ठशाची नोंद दिसली तर लगेच बँक आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक गाठावा. तुमच्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर कळते आणि जे आपले नाही त्याची तक्रारही तिथेच करता येते.

तिसरी गोष्ट बायोमेट्रिक कुलपाची. संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून आपले ठसे, बुबुळे आणि चेहरा कुलूपबंद करता येतो; मग नकली अंगठा बनवला तरी यंत्र तो नाकारते. मी माझे कायम बंद ठेवते आणि ज्यांना कधीतरीच अंगठा लावावा लागतो, त्या सर्वांना तसेच सुचवते. मात्र ज्यांच्या घरी रेशन अंगठ्यावर येते, त्यांनी कुलूप लावून ठेवले तर दुकानदार धान्य देणार नाही आणि वाद मात्र तुमच्याशी घालेल. तीच गोष्ट पेन्शनरांची. नोव्हेंबरात डिजिटल हयातीचा दाखला द्यायला बँकेत किंवा सेवा केंद्रात गेल्यावर कुलूप तेवढ्यापुरते उघडावे. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल चालू आणि सोबत हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. तो क्रमांक मुलाचा असेल आणि मुलगा परदेशी असेल, तर कुलूप काढून ठेवण्याचे काम ऑक्टोबरातच आटोपावे.