सुकामेवा आणि मसाल्यांसाठी छोटा ग्राइंडर: वॅटच्या आधी भांडं बघा

छोटा ग्राइंडर घेताना बहुतेकांची नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते. मूठभर मिरी किंवा बदाम दळायला १५० ते २०० वॅट पुरतात. खरा फरक पडतो तो भांड्याने आणि पात्याने.

भांडं सुटं होणारंच हवं, इथे तडजोड नको. मोटरवर कायमचं बसवलेलं भांडं नळाखाली धरता येत नाही. पात्याच्या बुडाशी बदामाचं तेल साचून राहतं आणि काही दिवसांत खवट वास मारायला लागतं. दोन भांडी मिळत असतील तर फारच उत्तम, एक मसाल्याला आणि एक सुक्यामेव्याला. झाकणाच्या रबरी रिंगमध्ये मुरलेला जिऱ्याचा वास घासूनही जात नाही.

मग पातं. प्लग काढलेला असताना भांड्यात डोकावून बघा. पातं तळापासून उंच असेल तर चमचाभर जिरं त्याच्याखाली तसंच पडून राहतं, मोटर कितीही दणकट असली तरी. थोड्या मसाल्याला तळालगत फिरणारं सपाट पातं चांगलं. वर वळलेल्या चार टोकांचं पातं बदाम-अक्रोड खालीवर फिरवत राहतं, म्हणून भरड एकसारखी होते. पातं जपून हलवून बघा. डुगडुगत असेल तर बुश (पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी) सैल आहे, ते मशीन घेऊ नका.

झाकण पारदर्शक असलं की किती दळलं ते दिसतं. पण लवंग दळणार असाल तर भांडं स्टीलचंच घ्या. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल काही कडक प्लास्टिकना खातं. आधी झाकण धुरकट होतं, मग त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. लवंग दळून झाली की झाकण लगेच साबणाने धुवा.

मशीनच्या बुडाशी चिकटवलेली पट्टीही वाचा. ‘केबी १ मिनिट’ (KB 1 min) असं लिहिलेलं असेल तर सलग एका मिनिटापेक्षा जास्त चालवायचं नाही. ओव्हरलोड कटऑफ असलेलं मशीन तापलं की आपोआप बंद पडतं. ते पूर्ण गार होऊ द्यावं लागतं, आणि काहींना खाली रिसेटचं बटण असतं.

सुक्यामेव्याचा सगळा त्रास तेलाचा. बदामात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं, अक्रोडात सुमारे ६५ टक्के. सलग फिरवलं की घर्षणाने ऊब येते, तेल सुटतं, तळाशी लगदा बसतो आणि वर अख्खे तुकडे तसेच राहतात. म्हणून भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा, दोन-तीन सेकंदांचेच झटके द्या आणि मधे भांडं हलवून घ्या. बदाम आधी अर्धा तास बंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवले तर पूड मोकळी होते. डबा उघडा राहिला तर ओल धरते आणि सगळं फुकट. नट बटर करायचं असेल तर हे मशीन त्यासाठी नाही. घट्ट लगद्यात पातं अडतं आणि मोटर जळू शकते.

मसाले भाजले असतील तर पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि पुडीच्या गुठळ्या होतात. हळकुंड, सुंठ, जायफळ आधी खलबत्त्यात फोडून घ्या, दालचिनीचेही बोटाच्या पेराहून लहान तुकडे करा. अख्खा कडक तुकडा पात्यात अडकला की बहुतेक वेळा कपलरचे, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या भागाचे, दाते आधी झिजतात. म्हणून कपलर आणि रबरी रिंग सुटे मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा.

पात्याऐवजी दळायचे दाते असलेली चक्की मिरीला फार छान, पूड अगदी एकसारखी पडते. तिच्यात सुकामेवा मात्र घालू नका, तेलाने दाते चोंदतात.

वास घालवायला दोन चमचे कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, पात्याखाली जुना टूथब्रश फिरवा. रबरी रिंग दर वेळी काढून वेगळी वाळवा, तिच्या खाचेतच बुरशी धरते.