व्यायामाचा संसार

दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसात आम्ही दोघी एका लांबलचक तक्त्यातले आकडे ताडून पाहत होतो. ती वाचत होती आणि मी खुणा करत होते. एका आकड्याच्या मधोमध ती एकाएकी उठून उभी राहिली, तेव्हा साहेब आले असावेत अशा समजुतीने मीही अर्धवट उठले. पण दारात कोणीच नव्हते. तिच्या मनगटावरचे घड्याळ थरथरले होते, इतकेच. तासाभरात आपण जागच्या हललो नाही, अशी त्याची तक्रार होती. तिने जागच्या जागी थोडी पावले टाकली, घड्याळाचे समाधान झाल्याची खात्री करून घेतली आणि खाली बसून आकड्याचा उरलेला भाग वाचला. तिच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचा असा काही भाव होता की, मला तिचा थोडा हेवा वाटला आणि त्याहून जरा जास्त राग आला.

राग त्या बिचारीचा नव्हता. नोकरी करणाऱ्या माणसाला व्यायामाबद्दल जे सल्ले दिले जातात, त्यांच्यावरच माझा जुना राग आहे. ‘वेळ मिळत नसतो, तो काढावा लागतो,’ हे वाक्य आजवर मला ज्यांनी ज्यांनी ऐकवले, त्यांतल्या बहुतेकांचा डबा दुसऱ्या कोणीतरी भरलेला होता, ही गोष्ट मी कटाक्षाने लक्षात ठेवली आहे. आम्हा डोंबिवलीकरांना सकाळची किंमत कोणी शिकवायला नको. पाणी येऊन जाण्याच्या आत ते भरायचे, भाजी परतायची, पोळ्या लाटायच्या आणि केस पुरते वाळण्याच्या आत स्टेशनाच्या पुलावर असायचे, अशा सकाळीतून वेळ काढायचा म्हणजे तो कोणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो, आणि तो कोणाच्या, याचे उत्तर सल्ला देणारा कधी देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. दीडशेला सातने भागले की दिवसाला एकवीस-बावीस मिनिटे येतात, आणि तेवढीही सापडत नाहीत असे म्हणणारा माणूस सरळसरळ आळशी ठरतो. परंतु हा भागाकार करणाऱ्याने घामाचा विचार केलेला नसतो. व्यायामासाठी निराळे कपडे लागतात, ते आदल्या रात्री काढून ठेवावे लागतात, बूट शोधावे लागतात, परत आल्यावर घाम सुकेपर्यंत थांबावे लागते, मग अंघोळ, मग ओले केस, आणि शेवटी त्या घामट कपड्यांचे काय करायचे हा प्रश्न, कारण मशीन एव्हाना लावून झालेले असते. व्यायामाला वीस मिनिटे पुरतात. व्यायामाच्या संसाराला तास लागतो.

एक गोष्ट मात्र त्या संघटनेच्या बाजूने सांगितली पाहिजे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी केलेली हालचाल हिशेबात धरू नये अशी अट होती. २०२० साली आलेल्या सूचनांत ती काढून टाकण्यात आली. कोणतीही हालचाल, कितीही थोडा वेळ केली तरी, जमेस धरावी, असे आता म्हणतात. हे वाचले तेव्हा थकलेल्या कर्जाचे व्याज माफ झाल्याचा आनंद मला झाला. दिवसाला दहा हजार पावलांचा जो धाक सगळीकडे घातला जातो, तोही मुळात वैद्यकशास्त्राने घातलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतरच्या उत्साहात, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजण्याचे एक उपकरण विक्रीला आले आणि त्याच्या नावातच दहा हजार हा आकडा होता. संशोधन पुष्कळ नंतर झाले, आणि त्यात दहा हजारांपेक्षा बऱ्याच कमी पावलांतही फायदा दिसतो असे आढळले.

माझ्या लहानपणी व्यायामाला वेळ काढलेला मी पाहिला नाही. तो रोजच्या दिवसात आधीपासून बसलेलाच असे. बाबा पहाटे सूर्यनमस्कार घालत. आमची चाळीतली दोन खोल्यांची जागा, त्यात पुढच्या खोलीत आम्ही भावंडे ओळीने झोपलेली, आणि आमच्या उशांपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जेवढी फरशी उरे, तेवढीच त्यांना पुरत असे. ती त्यांच्या उंचीएवढीच होती. ‘ॐ मित्राय नमः’ झाले की झोप चाळवे, आणि ‘ॐ खगाय नमः’ला धाकटा भाऊ पांघरुणात तोंड खुपसून हसे, कारण खग म्हणजे पक्षी हे आम्हाला शाळेत शिकवले होते आणि बाबा त्या वेळी नेमके पालथे पडलेले असत. दंडांवर भार घेऊन ते खाली जात तेव्हा त्यांचा श्वास ऐकू येई आणि जमिनीला कपाळ टेकले की फरशीवर घामाचा एक ओला ठसा उमटे. रथसप्तमीला शाळेत सामुदायिक नमस्कार असत. तिथे शंभर मुलांत उभे असूनही मला नमस्कार म्हटले की आमच्या घरची तीच फरशी आठवायची.

त्या चित्रात एक गोष्ट कायम होती, जी मला फार उशिरा दिसली. आई. नमस्कार चालू असेपर्यंत ती बाबांच्या पायांना वळसा घालून ये-जा करत असे. दुधाचे पातेले हातात घेऊन, साडीचा घोळ सावरत, ती त्यांच्या टाचांच्या आणि भिंतीच्या मधून तिरकी होऊन जाई. बाबा नमस्काराच्या चौथ्या आकड्यात, म्हणजे चौथ्या स्थितीत, असले की जागा कमी उरे, सातव्यात असले की थोडी वाढे. तिला ते सगळे आकडे पाठ होते. एकही नमस्कार न घालता.

सूर्यनमस्कारांची ही रीत घरोघर पोचवण्याचे श्रेय पुष्कळसे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना दिले जाते. त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार सुरू केले, त्यांवर लिहिले, आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक थेट लंडनमध्ये निघाले. त्यांना वेळ होता म्हणून हे जमले, असे म्हणण्याची सोय नाही. ते चित्रे काढत, कीर्तने करत, आणि १९३९ मध्ये तर त्यांनी संस्थानचा कारभारच लोकांच्या हाती सोपवला. इतका उद्योगी माणूस रोज पहाटे नमस्कार घालतो म्हटल्यावर आपली सबब लंगडी पडते खरी. पण राजवाड्यातले पाणी राजेसाहेबांना भरावे लागत नसणार, एवढे नमूद करून मी पुढे जाते.

व्यायाम आणि नोकरी यांच्याबद्दल मला पटलेली गोष्ट लंडनमधलीच आहे, पण ती राजवाड्यातली नसून बसमधली आहे. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दोघे एकाच बसवर, दोघांचा पगार आणि राहणी साधारण एकसारखी. फरक इतकाच की, ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला सुमारे पाच-सातशे पायऱ्या चढत असे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी तो उशिरा व सौम्य. आपल्या बेस्टची दुमजली बस १९३७ मध्ये सुरू झाली आणि जुन्या डिझेलच्या गाड्यांतली शेवटची २०२३ मध्ये गेली. त्या वाकड्या, अरुंद जिन्यावर एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातातल्या पंचने टकटक करत वर येणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मॉरिससाहेबांचे म्हणणे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे एक गमतीचे काम केले. त्यांनी कंपनीकडून गणवेशाची मापे मिळवली आणि ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला जास्त मोठ्या असतात, असे १९५६ मध्ये दाखवून दिले. ही तफावत तरुण ड्रायव्हरांतही दिसत होती, तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, जिन्याने कंडक्टर सडपातळ ठेवला, की सडपातळ माणसेच कंडक्टर होत होती? आपल्याच निष्कर्षाला अशी टाचणी लावून पाहणारा माणूस मला विश्वासार्ह वाटतो. ते पुढे ९९ वर्षे जगले, हेही त्यांच्या बाजूने जमेस धरायला हरकत नाही.

या हिशेबाने पाहिले तर माझाही व्यायाम रोज होतोच. फलाट आयत्या वेळी बदलल्याची घोषणा झाली की खांद्याला पर्स, हातात डबा आणि छत्री अशा अवस्थेत मी पूल चढते-उतरते, तेव्हा हृदयाचे ठोके हव्या त्या गतीला नक्कीच पोचत असणार. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही म्हणणार नाही. धावताना गाडी चुकेल ही धास्ती असते, चढल्यावर तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटसाठी कोणाशी तरी बाचाबाची होते, आणि शरीराने जे कमावले ते डोके त्याच मिनिटाला खर्चून टाकते. शिवाय खांदे, पाठ, मांड्या यांना ताकद येईल असे त्यात काहीच नसते; तेही आठवड्यातून दोनदा करावे, असे त्याच सूचनांत लिहिलेले आहे.

आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा मी तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरांनी तिला विचारले, “आजी, व्यायाम काही करता का?” ती उत्तर देण्याआधीच बाबा बोलले, “दिवसभर कामच तर करते, तिला निराळा व्यायाम कशाला?” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “काका, पोळ्या लाटून मांडीत ताकद येत नाही.” त्यांनी व्यायामांची चित्रे असलेला एक कागद तिला दिला. तो तिने घडी घालून कालनिर्णयच्या मागे खोचला आणि दुसऱ्या दिवसापासून, ओट्याला दोन्ही हातांनी धरून, कुकर होईपर्यंत टाचा वर-खाली करू लागली. “आकडे मोजायला कोणाला वेळ आहे? मी शिट्ट्यांवर धरते,” ती म्हणते. वरणाच्या शिट्ट्या झाल्या की थांबायचे. राजमा असेल त्या दिवशी व्यायाम जास्त होतो.

मॉरिससाहेबांच्या अभ्यासातले ड्रायव्हर पुरुष होते आणि कंडक्टरही पुरुषच होते. तो कागद आईच्या हातात पडला तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत, बाळंतपणांत, तापांत आणि आमच्या आजारपणांत मिळून कितीतरी डॉक्टरांनी तिला तपासले असेल; ती व्यायाम करते का, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारलेले तिला आठवत नाही.